एका दिवसापुरतं

निर्गम पुस्तकाचा सोळावा अध्याय. इस्राएल लोक मिसर देशातून निघून अरण्यात आले आहेत, जवळचा शिधा संपला आहे आणि कुरकुर सुरू झाली आहे. पहाटेचं दव उडून गेल्यावर जमिनीवर बारीक पांढरे कण दिसतात, तोच मान्ना. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरच्या मापाएवढा, रोज वेचायचा आणि दुसऱ्या सकाळसाठी काही मागे ठेवायचं नाही, असा नियम मोशे सांगतो. काहींना तो पटत नाही. ते थोडा राखून ठेवतात आणि सकाळी त्यात किडे पडलेले असतात, दुर्गंधी सुटलेली असते. शब्बाथाच्या आदल्या दिवशी तेवढी दुप्पट वेचण्याची मुभा असते आणि तो साठा मात्र नासत नाही. 40 वर्षं हा क्रम चालला. लोकांना एकदम महिन्याचं धान्य देणं देवाला जड नव्हतं. तरी त्यानं रोजचं रोज दिलं, कारण गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या या माणसांना पोट भरण्याइतकीच आणखी एका गोष्टीची गरज होती. रोज सकाळी तंबूबाहेर यायचं, वाकायचं, वेचायचं आणि उद्याची काळजी देवावर सोपवून रात्री झोपायचं, हे त्यांनी शिकावं अशी त्याची इच्छा होती.

पुढे लेवीयच्या पुस्तकात असाच आणखी एक नियम येतो. वेदीवरचा अग्नी कधी विझू द्यायचा नाही. याजकानं रोज सकाळी त्यावर लाकडं रचायची. हा अग्नी परमेश्वराच्या समोरून निघाला असं त्याच पुस्तकाचा नववा अध्याय सांगतो. म्हणजे अग्नी देवानं दिला आणि लाकडं आणण्याचं काम मात्र माणसाकडे ठेवलं. नव्या करारात येशू आपल्या शिष्यांना प्रार्थना शिकवतो, तीही आजच्या भाकरीपुरती. वर्षाची बेगमी मागायला तो शिकवत नाही.

तुमच्या हातातल्या या पुस्तकातही वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक पान आहे. त्या पानावर एक शास्त्रपाठ, त्याच्यावरचं थोडं मनन आणि शेवटी एक छोटी प्रार्थना आहे. पानांबद्दल मी इथं फार बोलणार नाही. वाचक ती वाचतीलच. आपल्या श्रद्धेला रोजच्या जोपासनेची गरज का असते आणि मराठी ख्रिस्ती माणसानं ही जोपासना आजवर कशी केली, एवढंच मला सांगायचं आहे. हे सांगावंसं वाटण्याचं कारण उघड आहे. आपल्या मंडळ्यांचे रविवार भरलेले असतात. गायनवृंद असतो, तरुण संघ असतो, नाताळात आणि ईस्टरला बसायला जागा नसते. पण सोमवार ते शनिवार घरात प्रभूचं नाव मोठ्यानं घेतलं जातं का, असं विचारलं तर बहुतेक घरांतून उत्तर यायला वेळ लागतो. आपली श्रद्धा जिथं पिढ्यान्पिढ्या टिकली तिथं ती घरातल्या आवाजानं टिकली, असं माझं मत आहे. तो आवाज आता क्षीण होत चालला आहे आणि त्याची मला मनापासून काळजी वाटते.

मराठीतला हा आवाज चारशे वर्षांहून जुना आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्याला आला आणि सासष्टीत राहून त्यानं इथली भाषा अशी आत्मसात केली की 1616 साली रायतूरच्या छापखान्यातून त्याचं 'क्रिस्तपुराण' बाहेर पडलं. जवळजवळ 11,000 ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपीत छापला होता, पण त्याची भाषा आणि छंद आपलेच होते. बाप्तिस्मा घेतलेल्या इथल्या लोकांचे कान पुराणांच्या वाचनावर पोसलेले होते. त्यांची जुनी पुराणं सुटली, आता त्यांनी ऐकायचं काय आणि घोळवायचं काय, हा खरा प्रश्न होता. स्टीफन्सनं त्या कानांना ओळखीचा छंद दिला. रविवारी आणि सणांच्या दिवशी देवळात हा ग्रंथ मोठ्यानं वाचला जाई. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेनं स्थानिक भाषांविरुद्ध हुकूम काढला. तरीही क्रिस्तपुराण हस्तलिखित प्रतींमधून जगलं आणि 1907 साली जोसेफ साल्ढाणा यांनी ते मंगळूरला पुन्हा छापलं. ज्यांनी या ओव्यांची पानंच्या पानं हातानं उतरवून काढली, त्यांची नावं आपल्यापर्यंत आलेली नाहीत. त्यांचं ऋण मात्र फार मोठं आहे.

वसईचा इतिहासही इथं आठवतो. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज सत्ता गेली आणि तिच्यामागोमाग परदेशी धर्मगुरू आणि मठवासीही गेले. ज्या श्रद्धेला केवळ राज्यकर्त्यांचा आधार होता ती तेव्हाच संपायला हवी होती. ती संपली नाही. वसईतला ख्रिस्ती समाज आजही तिथं आहे, मराठीत मिस्सा ऐकतो आहे, मराठीत लिहितो आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी याच मातीत राहून 'सुबोध बायबल' सिद्ध केलं आणि 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. या टिकण्यामागची कारणं इतिहासकार अनेक सांगतील. संध्याकाळी सगळं घर गुडघे टेकून म्हणत असलेली माळेची प्रार्थना हे त्यांतलं मोठं कारण आहे, असं मला वाटतं. तिला पाद्री लागत नाही, देऊळ लागत नाही, अक्षरओळखही लागत नाही. आजी सुरू करते, बाकीचे उत्तर देतात, आणि पेंगुळलेल्या मुलाच्याही ओठांवर ती बसते.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांची वाट निराळी, पण गोष्ट तीच. अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत 1813 मध्ये आणि अहमदनगरला 1831 मध्ये सुरू झालं. नगर जिल्ह्याच्या खेड्यांतून जे लोक प्रभूकडे आले त्यांत महार आणि मांग समाजातले पुष्कळ होते. पिढ्यान्पिढ्या त्यांना अक्षरापासून दूर ठेवलं गेलं होतं. पाळकाची फेरी कधीतरी व्हायची. मग मधल्या दिवसांत श्रद्धा कशी राहिली? ती पाठांतरानं आणि गाण्यानं राहिली. दहा आज्ञा पाठ, प्रभूची प्रार्थना पाठ, गीतं पाठ. कृष्णराव सांगळे यांनी नगरला ख्रिस्ती कीर्तन उभं केलं आणि शुभवर्तमान टाळ-वीणेवर गावोगाव ऐकू येऊ लागलं. बायबलवाल्या बाया घरोघर जाऊन बायकांच्या शेजारी बसून वचन सांगत. मंडळ्यांच्या इतिहासात त्यांच्याबद्दल फार थोडं लिहिलं गेलं आहे. माझ्या मते पाळकांइतकंच श्रेय या बायांचं आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 मध्ये बाप्तिस्मा घेऊन आले तेव्हा ही जमीन तयार होती. तुकोबांच्या अभंगांवर वाढलेल्या या कवीनं आपली भक्ती ख्रिस्ताच्या पायांशी आणली ती अभंगासकट आणली. 'उपासना संगीत' हे आपलं गीतपुस्तक उघडून बघा, टिळकांची गीतं काढली तर आपली उपासना किती दरिद्री होईल ते कळेल. त्यांच्या 'अभंगांजली'तलं निवेदन एका भक्ताचं आपल्या प्रभूशी चाललेलं बोलणं आहे, आणि त्यात भांडण आहे, लाड आहे, वाट पाहणं आहे. पण इथं मला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंविषयी अधिक बोलायचं आहे. नवऱ्यानं बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांची श्रद्धा तयार झाली नाही. त्यांचा बाप्तिस्मा 1900 सालचा, म्हणजे पाच वर्षांनंतरचा. त्या पाच वर्षांत वियोग होता, माहेर-सासरचं दडपण होतं, सोवळ्या-ओवळ्याची अंगात मुरलेली सवय होती. 'स्मृतिचित्रे' वाचताना लक्षात येतं की ही बाई कुणाच्या वादानं जिंकली गेली नाही. पाणी, स्वयंपाक, मुलं, आजारपण यांत रोज जे दिसत गेलं त्यानं त्यांचं मन हळूहळू वळलं. टिळक 1919 मध्ये गेले, मागे त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं राहिलं आणि ते पुरं करण्याचं काम याच लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतलं. श्रद्धा उसनी मिळत नाही, ती आपली आपल्यालाच मिळवावी लागते, याचं यापेक्षा चांगलं मराठी उदाहरण मला माहीत नाही.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 सालचा, इंग्लंडमधल्या वाँटेज इथला. पण त्यानंतरची काही वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र सापडायचा राहिला होता, अशा अर्थाचं त्यांनी आपल्या साक्षीत मोकळेपणानं लिहून ठेवलं आहे. पुढे केडगावच्या त्यांच्या मुक्तीसदनात 1905 च्या जूनमध्ये मोठं संजीवन झालं. त्याची हकिकत जगभर गेली आणि आजही सांगितली जाते. मला मात्र त्या जूनपेक्षा त्याआधीचे महिने जास्त महत्त्वाचे वाटतात. जानेवारीपासून सुमारे 70 जणी रोज सकाळी एकत्र जमून प्रार्थना करत होत्या. दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुली तिथं होत्या. त्यांचं जेवण, दळण, कपडे, दवापाणी, शाळा हे सगळं चालू असताना या बाया रोज गुडघ्यांवर येत होत्या. त्या सकाळींबद्दल फारसं कुणी बोलत नाही. संजीवनाच्या सभा भरवायला आपण उत्सुक असतो. त्याआधीच्या पाच महिन्यांच्या सकाळी उठायला उत्सुक नसतो.

रमाबाईंचं बायबलही अशाच रोजच्या कामातून झालं. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या शिकलेल्या बाईला कळेल अशा मराठीत त्यांनी एकटीनं अख्खं पवित्र शास्त्र उतरवलं. खिळे जुळवायला, छापायला मुक्तीसदनातल्याच मुली होत्या. मधल्या काळात, 1921 मध्ये, एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या आणि 1924 मध्ये संपूर्ण बायबल बाहेर आलं. ज्या घरात हे भाषांतर आजही आहे त्या घरानं ते कपाटात जपून ठेवू नये, वाचावं.

दिवसाला एक वचन ही या पुस्तकाची रचनाही परंपरेतूनच आलेली आहे. जर्मनीतल्या हेर्नहूट गावी मोरेव्हियन बंधूंच्या वस्तीत 1728 पासून त्या दिवसाचं वचन घरोघर जाऊन सांगण्याची रीत पडली. 1731 पासून वर्षभराची वचनं छापील पुस्तकात येऊ लागली आणि ते पुस्तक आजतागायत दरवर्षी निघतं. डीट्रिख बॉनहोफर हा पाळक याच वचनांवर रोज मनन करत असे. फिंकेनवाल्डे इथल्या पाळकांच्या शाळेत आपल्या विद्यार्थ्यांना त्यानं रोज अर्धा तास एका लहानशा शास्त्रभागापाशी शांत बसायला लावलं. काहींना ते जड गेलं, निरर्थकही वाटलं. त्यानं आग्रह सोडला नाही. 1937 मध्ये गेस्टापोनं, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांनी, ती शाळा बंद केली आणि 1943 च्या एप्रिलमध्ये बॉनहोफरला अटक झाली. तेगेलच्या तुरुंगात त्याच्यापाशी स्तोत्रं होती आणि रोजचं वचन होतं. बाहेर बाँब पडत असताना त्यानं लिहिलेली पत्रं वाचली की कळतं, कोठडीत त्याला नव्यानं काही सुरू करावं लागलं नाही. 9 एप्रिल 1945 रोजी त्याला फाशी दिलं गेलं.

आता प्रत्यक्ष जोपासनेविषयी. माझा पहिला आग्रह स्तोत्रसंहितेसाठी आहे. शास्त्राचा दुसरा कुठलाही भाग आपण कमी वाचला तरी चालेल, 150 स्तोत्रं मात्र आयुष्यभर पुन्हा पुन्हा फिरत राहिली पाहिजेत. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या नियमानुसार मठवासी ती आठवड्यात पुरी करत. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकानं ती सकाळ-संध्याकाळ मिळून 30 दिवसांत बसवली. आपण दिवसाला एक घेतलं तरी पाच महिन्यांत एक फेरी होते. ती मोठ्यानं वाचावीत, कारण ती गाण्यासाठी आणि म्हणण्यासाठी झाली आहेत. आणि निवडून वाचू नयेत. तेविसावं स्तोत्र सगळ्यांना आवडतं, भिंतीवर लावायलाही ते छान दिसतं. पण स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं फार मोठ्या संख्येनं आहेत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही येत नाही. देवानं तेही आपल्या पुस्तकात ठेवलं. घरात मृत्यू झालेला असताना, नोकरी गेलेली असताना, तपासणीचा वाईट अहवाल हातात असताना त्याच्यासमोर हसरा चेहरा घेऊन जायची गरज नाही, हे आपल्याला या स्तोत्रांशिवाय कोण सांगणार? येशूनं वधस्तंभावर आक्रोश केला तोही बाविसाव्या स्तोत्रातल्या शब्दांत.

भावना हा जोपासनेचा मापदंड नव्हे. रोज प्रार्थनेला बसणाऱ्या प्रत्येकाला कोरडे दिवस येतात, कधी महिने, कधी वर्षं. मदर तेरेसा यांची खासगी पत्रं त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, 2007 मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगाला धक्का बसला. जवळपास अर्धशतक त्यांना प्रार्थनेत देवाचं सान्निध्य जाणवत नव्हतं. त्या काळातही त्या पहाटे चॅपेलमध्ये बसत होत्या, मिस्साला हजर होत्या, पवित्र साक्रामेंतापुढे आराधना करत होत्या आणि तिथून उठून कोलकात्याच्या रस्त्यावर पडलेल्या माणसाकडे जात होत्या. काही वाचकांना त्या पत्रांत श्रद्धेचा अभाव दिसला. मला तिथं श्रद्धेचं असं रूप दिसतं ज्याची आपण सगळ्यात कमी चर्चा करतो. काही वाटत नसताना वेळेवर हजर राहणं हीसुद्धा प्रार्थना आहे, आणि कधी कधी तीच सर्वांत खरी असते.

शरीराचाही विचार हवा. पहिल्या राजांच्या पुस्तकात एलीया ईजबेलीच्या भीतीनं पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि आता मरण दे म्हणतो. देवदूत येतो. तो उपदेश करत नाही, श्रद्धा कमी पडली म्हणून रागवत नाही. तो त्याला उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. होरेब डोंगरावरची ती शांत, मंद वाणी त्यानंतर पुष्कळ दिवसांनी येते. ज्याला महिनोन् महिने झोप नाही, ज्याचं मन आजारी आहे, त्याला आपल्या मंडळीत जेव्हा कुणी सांगतं की प्रार्थना वाढव म्हणजे बरं वाटेल, तेव्हा मला फार वाईट वाटतं. त्याच्यासाठी प्रार्थना करावी, त्याच्यासोबत बसावं, आणि त्याला डॉक्टरकडे न्यावं. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला सहन कर, देव पाहील, असं सांगणं ही आध्यात्मिक मदत नव्हे. तिला सुरक्षित जागी पोचवणं हे आधी आहे.

रात्रीसाठी इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेलं आत्मपरीक्षण मला फार उपयोगाचं वाटतं, आणि प्रॉटेस्टंट वाचकांनीही ते नि:संकोच घ्यावं. स्टीफन्ससारखे जेझुइट हे परीक्षण दिवसातून दोनदा करत आले आहेत. आपल्याला झोपण्यापूर्वी दहा मिनिटं पुरतात. आधी आजच्या दिवसाबद्दल आभार मानायचे. मग देवाच्या उजेडात दिवस पहाटेपासून आठवायचा: कुणाशी कसं बोललो, कुठं प्रेमानं वागलो, कुठं टाळलं, कुठं खोटं बोललो. जे चुकलं त्याची क्षमा मागायची आणि उद्याच्या एखाद्या नेमक्या गोष्टीसाठी मदत मागायची. आभारानं सुरुवात करण्याला इथं फार महत्त्व आहे. थेट चुकांपासून सुरुवात करणारा माणूस थोड्याच दिवसांत हे टाळू लागतो.

कुटुंबप्रार्थनेपुढच्या अडचणी खऱ्या आहेत. आई-वडील दोघंही लोकलनं घरी येईपर्यंत नऊ वाजतात, मुलं क्लासहून थकून येतात, कुणाची रात्रपाळी असते. कुणी आखातात असतं आणि शुक्रवारी व्हिडिओ कॉलवरच सगळे एकत्र दिसतात. अशा घरांना मी एवढंच म्हणेन की प्रार्थना लांब असण्याची गरज नाही. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मोशे आईबापांना सांगतो की ही वचनं घरी बसताना, वाटेनं चालताना, झोपताना आणि उठताना मुलांशी बोला. त्यात वेगळा हॉल किंवा तासभराचा कार्यक्रम नाही. एक गीत, एक छोटा पाठ, प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना, एवढ्याला दहा मिनिटं लागतात. मुलांना वाचायला द्या. त्यांचे प्रश्न अडवू नका. ज्या घरात प्रश्न विचारता येतो त्या घरातला मुलगा मोठेपणी शंका घेऊन निदान घरीच परत येतो. इंग्रजी शाळेतल्या मुलांना मराठी गीतं कळत नाहीत म्हणून ती सोडून देऊ नका, समजावून द्या. सकाळी फोनवर आलेलं एक सजवलेलं वचन पुढे पाठवलं म्हणजे आजचं मनन झालं, असं मात्र मानू नये. ते वचन ज्या अध्यायातलं आहे तो अध्याय उघडून वाचावा.

एकट्याची जोपासना फार काळ टिकत नाही, हाही अनुभव आहे. अठराव्या शतकात जॉन वेस्ली यांनी आपल्या लोकांचे लहान गट केले. दर आठवड्याला भेटून ते एकमेकांच्या आत्मिक स्थितीची विचारपूस करत. आपल्याकडच्या घरोघरच्या कॉटेज प्रार्थना याच जातीच्या आहेत. मात्र त्यात एकमेकांची मोकळी विचारपूस व्हायला हवी. एकाचं लांबलचक भाषण आणि शेवटी चहा एवढ्यावर ती थांबू नये. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी आपल्याला नावानं विचारावं की कसं चाललं आहे, आणि आपण त्याला खरं सांगावं.

आणि एक धोका सांगितलाच पाहिजे. रोजच्या भक्तीचा अभिमान चढू शकतो. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी आठवड्यातून दोनदा उपास करत होता, नेमानं दशमांश देत होता आणि तरीही नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात लोक देवाला विचारतात की आम्ही उपास केला ते तुला दिसत कसं नाही. आणि देव त्यांना त्यांच्या मजुरांची, भुकेल्यांची, बेघरांची आठवण करून देतो. घरकाम करणाऱ्या बाईचा पगार थकवून पहाटेची प्रार्थना नियमित करणाऱ्याची प्रार्थना ऐकली जाते असं समजायला शास्त्रात आधार नाही. जातीवरून मंडळीतल्या माणसाला दुय्यम वागवणाऱ्यालाही तो नाही. हा दोष आपल्यात आहे आणि तो रोजच्या आत्मपरीक्षणात आला पाहिजे.

मार्कच्या पहिल्याच अध्यायात कफर्णहूमातला एक शब्बाथ आहे. सभास्थानात शिक्षण, अशुद्ध आत्मा लागलेल्याची सुटका, शिमोनाची सासू तापानं फणफणलेली, आणि सूर्य मावळल्यावर सगळं गाव आजारी माणसं घेऊन दाराशी. अशा दिवसानंतर कुणीही उशिरापर्यंत झोपला असता. येशू पहाटे, अजून अंधार असताना उठला, बाहेर पडून एकांतात गेला आणि तिथं प्रार्थना करू लागला. शिमोन आणि सोबती त्याला शोधत गेले तेव्हा त्यांची तक्रार हीच होती की सगळे तुला शोधताहेत. त्यानं ती गर्दी पत्करली नाही, पुढच्या गावांना गेला. कुठं जायचं आणि कुठं नाही, हे त्याला त्या पहाटेत उमगलं असावं, असं तो भाग वाचताना मला वाटतं. ज्याला पित्याशी बोलण्याची गरज सगळ्यांत कमी होती असं आपण समजू, तोच ही वेळ सोडत नव्हता.

वाचकांना शेवटी हे पुस्तक कसं वापरावं तेवढं सांगतो. ते 1 जानेवारीची वाट पाहून बाजूला ठेवू नका. हाती येईल त्या दिवसाच्या तारखेचं पान उघडा. आधी शास्त्रपाठ पवित्र शास्त्रातून पूर्ण वाचा, मगच मनन वाचा, आणि वेळ फारच कमी असेल तर मनन सोडा पण पाठ सोडू नका. घरात आणखी कुणी असेल तर मोठ्यानं वाचा. काही दिवस राहून गेले तर मागची पानं भरून काढत बसू नका, आजच्या पानावर या. पुस्तक वर्षभरात झिजलं, पानं सुटली तर दुसरी प्रत घ्या आणि जुनी प्रत ज्या घरी प्रार्थना बंद पडली आहे त्या घरी स्वतः नेऊन द्या, आणि पहिल्या दिवशी त्यांच्यासोबत बसा.